गावच्या निळ्या किटल्या

९ ऑक्टोबर

कुणी सांगितलं होतं मला उभं राहायला! गप बसले असते बायकांत, सूर्यफुलाच्या बिया सोलत, तर ही बला गळ्यात पडली नसती.

शाळेमागच्या कोळशाच्या खोलीत सातवीची तीन पोरं सापडली. नुसती प्यालेली नाहीत, ओकून लोळत होती. एकाचा तर बूटच हरवलेला. बाटली कुठल्याशा लग्नातून उचललेली. म्हणून आज सभेला क्लबात सगळं गाव जमलं. जापार आता — थोरल्या पुरुषाला आमच्याकडे मानाने आता म्हणतात — गावच्या पंचांतले सगळ्यात थोरले, दाढी कुरवाळत बसलेले. मौलवी होते, शाळेच्या मोठ्या बाई होत्या. पोरं वाया चालली, पाटाच्या कडेला भांग उगवते ती तळहातावर चोळतात, दारू हवी तिथे मिळते — सगळ्यांनी सांगून झालं. मग पुन्हा तेच सांगायला लागले.

मला बसवेना. उठले आणि म्हटलं, ज्या घरचं पोर प्यालेलं सापडेल त्या घरच्या कार्याला वर्षभर गावाने पाऊल टाकायचं नाही. लग्न असो, पाळण्याचं जेवण असो, नाहीतर मयताचं. आणि कुठल्याही कार्यात जेवणावर बाटली दिसता कामा नये. पोरं बघतात तेच शिकतात.

मग जापार आता म्हणाले, "बाई बोलली ते खरं बोलली." झालं! ठराव मंजूर, आणि तो पाळला जातो का बघणाऱ्या समितीची प्रमुख मी. गेल्या डिसेंबरात जिचा नवरा पिऊन बर्फात पडला आणि तिथेच गेला, तिच्यापेक्षा हे काम कोण बरं करणार — असं कुणी बोललं नाही. पण तोंडावर होतं सगळ्यांच्या.

१० ऑक्टोबर

आदिनाय विचारते, "आपा, तू आता पोलीस झालीस का?"

म्हटलं, हो, आणि पहिली तुलाच धरणार, भांडी तशीच पडली आहेत. हसत सुटली. बारा वर्षांची झाली, पण हसणं अजून पाळण्यातलंच. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं ही आमच्याकडची रीत. सून बाळंत झाली आणि मी पोर उचललं. आपा मला सगळं गाव मानाने म्हणतं, पण ती म्हणते ते आई म्हणून, आणि मॉस्कोत नोकरी करणाऱ्या खऱ्या आईला फोनवर वहिनी म्हणते. हे होते तेव्हा आम्हा दोघांचा जीव तिच्यात होता. आता माझ्या एकटीचा आहे.

१५ ऑक्टोबर

पाटाकडेची भांग उपटायला सगळं गाव गेलं. वाळत आलेली होती तरी हात चिकट झाले. मग शाळेच्या दारात उभी राहून पोरांच्या तळहातांचा वास घेतला. कांदा. घोडा. पेन्सिल. एकाच्या हाताला माझ्याच अंगणातल्या सफरचंदांचा.

शेवटी एक चिमुरडी म्हणाली, "आपा, तुमचे दाखवा की." दाखवले. सगळ्यांत जास्त भांगेचा वास माझ्याच हातांना! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

दुकानदारीण तुर्सुनाय शपथा घेते. "पोरांना मी काडेपेटीसुद्धा देत नाही." तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही कळत नाही. बाई खोटं बोलते तेव्हाही अशीच डोळ्यांत बघून बोलते.

२० ऑक्टोबर

जापार आतांच्या धाकट्या मुलीचं लग्न. ठरावानंतरचं पहिलं कार्य. एकही बाटली नाही! मौलवींनी दुआ मागितली, माझंही नाव घेतलं. मी खाली मान घालून बसले, पण आतून फुगले होते, लिहायला काय हरकत आहे.

मग हळूहळू वाटायला लागलं की पुरुषांच्या ओळीत काहीतरी बिनसलंय. गाल लाल. आवाज चढलेले. माझा दीर कुबात काराकोल शहराहून आला होता. नुसत्या सरबतावर हा माणूस गाणं म्हणेल? मला बघून डोळा मारला. "वहिनी, सरबत काय झालंय म्हणून सांगू! बस, तूही घे."

घेतला एक घोट. जर्दाळूचं सरबत, थंड, गोड — आणि मग घसा जाळत खाली उतरलं. निम्मी दारू!

गावाने वर्गणी काढून घेतलेल्या त्या निळ्या मुलाम्याच्या किटल्या, ज्या प्रत्येक कार्याला या घरून त्या घरी जातात, त्यांतल्या निम्म्यांत साधं सरबत आणि निम्म्यांत हे. बाहेरून सगळ्या एकसारख्या. कुबातला ओढत तबेल्यामागे नेलं. म्हटलं, लाज नाही वाटत? तो म्हणतो, "ठरावात काय आहे? बाटली दिसता कामा नये. दिसली कुठे? पोरांना कळतं तरी का? वहिनी, तूच तर घातलास नियम. आम्ही तर पाळला."

शब्द माझेच होते. आणि खरंच, पोरं बघत नाहीत तर शिकणार कशी? वाढपी तर तीच आहेत. जेवणावर सगळ्यात लहान तो वाढणार, ही काही आजची रीत नाही. ती आपली किटल्या उचलून धावत होती, आदिनायही. तिला तर सगळीकडून बोलावणं येतं, हात हलका आहे, थेंब सांडत नाही. त्यांच्यासाठी ते सरबतच.

मग चूक की बरोबर? मला नाही ठरवता आलं. बायकांत जाऊन बसले.

२१ ऑक्टोबर

कालच्या लग्नातच एरबोल सापडला. माझ्या शेजारणीचा, गुलसायराचा. तेरा वर्षांचा. जापार आतांच्या गवताच्या गंजीमागे पडलेला, शुद्ध नाही. तोंडाला वास.

पण बाटली नाहीच गावात! कुठून मिळाली त्याला?

गुलसायरा माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर येईना. "आपा, माझ्या घरात थेंब नाही. नवरा दोन वर्षं रशियात आहे, कोण आणणार? माझं पोर असलं नाही." मी म्हटलं, मग विचार त्याला. म्हणे विचारलं, तो तोंड उघडत नाही. नुसता म्हणतो, मी काम करत होतो.

काम! काम करताना माणूस बेशुद्ध पडतो होय? रागच आला मला. गुलसायराच्या कार्याला वर्षभर जायचं नाही, यावर समितीत सगळ्यांचे हात वर झाले. माझाही.

२ नोव्हेंबर

आज गुलसायराच्या नातीचं पाळण्यात घालणं. थोरल्या मुलीची पहिली पोर. सकाळपासून कुंपणापलीकडून तळणीचा वास येत होता. पिठाचे बोरसोक तळत होती, गावभर पुरतील एवढे. ठराव ठाऊक असून तळत होती.

कुणी गेलं नाही. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. चुलत सासू आली, विहीण आली, बाकी अंगण रिकामं. कुत्रं तेवढं इकडून तिकडे.

आदिनाय म्हणाली, "आपा, मला वाढायला बोलावलं होतं गुलसायरा वहिनीने. जाऊ?"

"नाही."

"का?"

नियम आहे, म्हटलं. ती म्हणाली, "एरबोलने काय केलं पण?" तर मला नीट सांगताही येईना. प्याला, म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अर्धवट बोलले. मग गाईला पाणी दाखवायला गेली.

संध्याकाळी गुलसायराने कुंपणावरून एक थाळी बोरसोक ठेवली. ठेवून घेतले. परत करायचे होते का? खाल्ले नाहीत. टाकवलेही नाहीत. अजून आहेत.

१० नोव्हेंबर

वरच्या आळीत सुंतेचं जेवण. परत तेच लाल गाल, तेच सरबत. मी आता बघून न बघितल्यासारखं करते. सवय किती लवकर लागते!

आणि जापार आतांचा नातू, चौदा वर्षांचा, किटली हातात घेऊनच भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला. सगळ्यांनी बघितलं. जापार आता म्हणाले, "ताप आहे पोराला, दोन दिवस झाले." कुणीतरी म्हणालं, हो हो, साथच आहे. घोंगडीत गुंडाळून नेला.

ताप! माझ्या नाकाला काय सर्दी झाली होती? समितीची प्रमुख मी, आणि तोंडात बोरसोक कोंबून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच का? पण चोर तरी कोण? जापार आतांच्या घरात नमाज चुकत नाही. त्या पोराला कोण पाजेल?

११ नोव्हेंबर

तुर्सुनायच्या दुकानात आज पुन्हा जाऊन मागची खोली बघितली. पीठ, साखर, रबरी बूट. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आपा, आता माझ्या सदऱ्यातही बघून घ्या." घरी आले. काही सुचत नाही.

२३ नोव्हेंबर

ह्यांच्या वर्षाच्या जेवणाची तारीख पक्की केली, आठ डिसेंबर. मुलगा मॉस्कोहून चार दिवसांसाठी येतो. जेवणाला ह्यांचाच घोडा कापायचा, तशी रीत आहे. तो बारका राखाडी, ज्याच्यावर ह्यांनी कुणाला बसू दिलं नाही. घोड्याच्या डोळ्यांकडे बघत नाही मी हल्ली.

आशला, म्हणजे ह्या वर्षाच्या जेवणाला, गाव आलं नाही तर माणूस दुसऱ्यांदा मरतो, असं माझी सासू म्हणायची. मला एवढंच हवंय. सगळ्यांनी यावं, पोटभर जेवावं, ह्यांच्या नावाने दुआ मागावी. बर्फात एकटेच पडून होते ते. निदान त्या दिवशी तरी त्यांच्याभोवती माणसं असावीत.

२५ नोव्हेंबर

कुबातचा फोन. सरबताचं त्याच्यावर सोपव म्हणतो. मला कळलं काय सरबत ते. म्हटलं, तुझा भाऊ त्यानेच गेला, आणि त्याच्याच आशला तू ते वाटणार?

"वहिनी, तो आयुष्यभर प्याला आणि तू त्याला जर्दाळूच्या पाण्यावर निरोप देणार? त्याच्या मोटार डेपोतले सगळे येणार, लांबून. गावात सगळीकडे मिळतं आणि त्याच्याच घरी नाही, असं झालं तर काय म्हणतील? बायकोने मेल्यावरही सूड उगवला म्हणतील."

भांडले. मग रडले. शेवटी तोंडातून निघालं, मला माहीत नाही असं समज.

तो म्हणाला, "शाबास."

शाबास कशाची? मला माझंच काही कळेनासं झालंय. ऑक्टोबरात क्लबात उभी राहिली ती बाई कोण होती? खरंच बोलली होती ना ती? मग आज फोनवर बोलली ती कोण?

६ डिसेंबर

किटल्या आल्या. घासून पालथ्या घातल्या, ओसरीभर निळं निळं.

कुबातला म्हटलं, निम्म्यांना दोरा तरी बांध, नाहीतर गोंधळ होईल. तो म्हणतो वेड लागलं का, खूण केली की मौलवींना कळलंच. मौलवींच्या ओळीत साधं, बायकांच्यात साधं, बाकीच्यांत दुसरं. बस.

तेव्हा मी वाढणाऱ्या पोरांना स्वयंपाकघरात उभं केलं. आदिनाय सगळ्यांत पुढे. म्हटलं, किटल्या दोन तऱ्हेच्या आहेत, एक पाहुण्यांची, एक मौलवींची. का ते विचारायचं नाही. पण मौलवींच्या ओळीत भलती किटली गेली तर तुमच्या आजोबांची अब्रू गेली म्हणून समजा. ह्या घराची अब्रू तुमच्या हातात आहे.

पोरं गंभीरपणे मान हलवत होती. आदिनाय म्हणाली, "काळजी नको आपा, मी बघते." किती शहाणी आहे.

८ डिसेंबर

सगळे आले! सगळे. वरची आळी, खालची आळी, डेपोतले, सरकारी ऑफिसातले, तलावापलीकडचे तर कोण कोण, मला नावंही आठवेनात. अंगणात दोन तंबू लावूनही जागा पुरेना. मौलवींनी कुराण वाचलं तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. ह्यांच्याबद्दल लोक बोलले — हसवायचा, मदतीला धावायचा, गाडी बिघडली की मध्यरात्री यायचा. कुणी वाईट बोललं नाही. मुलगा तंबूमागे जाऊन रडला. मीही.

गुलसायरा आली. बोलावलं नव्हतं मी. कुठल्या तोंडाने बोलावणार? पहाटे येऊन घोड्याची आतडी धुवायला बसली, दिवसभर थंड पाण्यात हात. मी तिच्याजवळ गेले नाही.

दुपारनंतर आदिनायचे गाल लाल झाले. फार हसत होती. एकदा किटली घेऊन आली आणि मला मिठीच मारली, सगळ्यांसमोर. "आपा, आजोबा खूश असतील ना?" वाटलं, दमली पोर. मग बघते तर कोपऱ्यात लोकरीच्या नमद्यांच्या ढिगावर आडवी पडलेली. हाक मारली, उठेना. जवळ गेले.

वास.

मागून दोन बायका येत होत्या, समितीतल्याच. आणि गुलसायरा. गुलसायरा त्यांच्या आधी पोचली. खाली बसली, ओल्या हाताने आदिनायचं कपाळ चाचपलं, माझ्याकडे बघितलं. मग त्या दोघींना म्हणाली, "ताप आहे. झोपू द्या." आणि आपला कोट काढून तिच्या तोंडापर्यंत ओढला.



९ डिसेंबर

आदिनाय दुपारी उठली. डोकं धरून बसली. दही दिलं, नको म्हणाली. विचारलं, कुणी दिलं? "कुणी नाही." मग? गप्प. तू प्यालीस का? तर रडायलाच लागली. "मी नाही प्याले! मी काम करत होते."

काम करत होते. हेच तर एरबोल म्हणाला होता.

कुबातला फोन लावला, वाट्टेल ते बोलले. तो शपथ घेतो, ह्यांच्या कबरीची. मी पोरांना देईन का, म्हणतो. खोटं बोलत नव्हता. मग कोण? तुर्सुनाय? डेपोतला कुणी? की माझी पोर मला फसवते? आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगू?

ठराव माझा. सांगायचं म्हटलं तर काल जेवून गेलेलं गाव उद्यापासून माझ्या दारात येणार नाही. नाही सांगितलं तर गुलसायराचं काय? तिच्या अंगणातलं ते कुत्रं सारखं डोळ्यांपुढे येतंय.

११ डिसेंबर

जापार आता घरी आले. आश कशी झाली, गावात वीस वर्षांत अशी झाली नाही, वगैरे. मग म्हणाले, "बुरूल, तुझ्या ठरावाने गाव सुधारलं. एक ते गुलसायराचं सोडलं तर एकही पोर प्यालेलं सापडलं नाही. तालुक्याला सांगायचंय, वसंतात तू बोलायला चल."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चहाच्या पेल्याकडे बघत होते. दोघांनाही ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, बघू. चहा ओतला. थोडा सांडला.

१२ डिसेंबर

गुलसायराचा कोट परत द्यायचा आहे. दोनदा कुंपणापर्यंत गेले. परत आले.

१३ डिसेंबर

आज रागावले नाही. तिच्याबरोबर उरलेल्या किटल्या घासायला बसले आणि सहज विचारलं, ह्या सगळ्या एकसारख्या, तुला कसं गं कळलं कुठली मौलवींची?

म्हणाली, "चाखून! वास तर सगळ्यांना जर्दाळूचाच येतो. कुठलीही उचलली की आधी आत जाऊन एक घोट घ्यायचा. प्रत्येक कार्यात मौलवींची वेगळीच असते ना, सगळी पोरं तसंच करतात. मला एरबोलने शिकवलं, तो सगळ्यांत पहिला. पण तो म्हणाला, मोठ्यांना सांगायचं नाही, पाहुण्यांच्या आधी उष्टं केलं म्हणून मार पडेल."

मी हातातली किटली खाली ठेवली. तिला वाटलं, मी रागावले. पुसता पुसता थांबली आणि हळूच म्हणाली, "पण आपा, मौलवींकडे एकही चुकीची नाही ना गेली माझ्या हातून?"